बाटलीतलं सोनं

घरी खास पाहुणे आले की आई कपाटाच्या वरच्या फळीवरून ठेवणीतल्या कपबश्या काढते. पाहा बरं, त्यांच्या काठावर एक बारीक सोनेरी रेघ असते. ती कशाची असते? रंगाची? पितळेची? चांगल्या प्रतीच्या चिनी मातीच्या कपावरची रेघ खऱ्याखुऱ्या सोन्याची असते बरं का!

आता तुम्ही म्हणाल, एवढं महाग सोनं कपाला? आणि ते लावलं कसं? सोन्याचा पत्रा कापून चिकटवला म्हणावं, तर बोट फिरवून काही लागत नाही. वितळवून ओतलं म्हणावं, तर सोनं वितळायला १०६४ अंश सेल्सिअस तापमान लागतं आणि वितळलेलं सोनं काही ब्रशने रंगवता येत नाही.

पण खरी गोष्ट अशी, की ते ब्रशनेच लावलेलं असतं! बाटलीतून. बाटलीत तपकिरी, तेलकट, उग्र वासाचा एक द्रव असतो. त्याला कारखान्यात ‘लिक्विड गोल्ड’ म्हणतात. कारागीर कप फिरत्या चाकावर ठेवतो, ब्रश टेकवतो आणि एका फेरीत रेघ ओढतो. तेव्हा ती रेघ सोनेरी दिसत नाही, गुळाच्या पाकासारखी तपकिरी दिसते. मग कप भट्टीत जातो. उष्णतेने द्रवातला तेलकट भाग जळून धूर होऊन जातो आणि मागे चकचकीत सोन्याचा पापुद्रा उरतो. जर्मनीतल्या मायसेन गावी चिनी मातीचा प्रसिद्ध कारखाना आहे. तिथे १८३० च्या सुमारास ही युक्ती निघाली. काचेच्या बांगड्यांवर जी सोनेरी नक्षी असते, तीही बहुतेक अशाच बाटलीतून आलेली असते.

चला, थोडं गणित करू. हा पापुद्रा साधारण एक मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो असं धरा. सोन्याची घनता १९.३, म्हणजे एक घन सेंटिमीटर सोनं १९.३ ग्रॅम भरतं. तर एक ग्रॅम सोनं एवढं पातळ पसरलं, की अर्ध्या चौरस मीटरपेक्षा थोडी जास्त जागा झाकली जाते. कपाच्या काठाचा घेर २५ सेंटिमीटर आणि रेघेची रुंदी २ मिलिमीटर धरली, तर एका ग्रॅममध्ये हजारभर कप होतात. करून बघा वहीत! (अशा कपातला चहा मात्र मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचा नाही. सोनं हा धातू आहे, त्यामुळे ठिणग्या उडतात आणि रेघही जाते.)

तर आज आपण अशा बाटलीतल्या सोन्याची माहिती घेऊ.

मागे वर्गात हा विषय निघाला तेव्हा एका मुलीने विचारलं, “सोनं पाण्यात विरघळते का जी?” सगळे हसले. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. साखर विरघळते, मीठ विरघळतं. सोनं मात्र पाण्यात विरघळत नाही, एकट्या मिठाच्या आम्लात विरघळत नाही, एकट्या शोऱ्याच्या आम्लातही विरघळत नाही. म्हणून तर आजीच्या पाटल्या पन्नास वर्षांनंतरही तशाच राहतात. त्या ना गंजतात, ना काळ्या पडतात. पण तीन भाग मिठाचं आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि एक भाग शोऱ्याचं आम्ल म्हणजे नायट्रिक आम्ल एकत्र केलं, की ही जोडगोळी सोन्यालाही विरघळवते. या मिश्रणाला अम्लराज म्हणतात. सराफ्यात सगळ्याच तीव्र आम्लांना तेजाब म्हणायची पद्धत आहे. सोनं टाकलं की ते हळूहळू दिसेनासं होतं आणि उरतो पिवळा-नारिंगी द्रव.

सोनं संपलं का? मुळीच नाही! ते फक्त लपलं.

याची एक मजेदार आणि तितकीच थरारक हकिकत आहे. १९४० साली हिटलरच्या सैन्याने डेन्मार्क देश घेतला. कोपनहेगन शहरात नील्स बोर या शास्त्रज्ञांची संस्था होती. तिथे दोन जर्मन शास्त्रज्ञांची, माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक यांची, नोबेल पदकं सांभाळायला दिलेली होती. पदकं २३ कॅरट सोन्याची आणि त्यांवर नावं कोरलेली. जर्मनीतून सोनं बाहेर पाठवणं हा तेव्हा मोठा गुन्हा होता. पदकं सापडली असती तर फॉन लाउए यांच्या जिवाचं काही खरं नव्हतं, कारण ते जर्मनीतच राहत होते. संस्थेत जॉर्ज द हेवेशी नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. पदकं पुरावीत असं त्यांना आधी वाटलं, पण बोर म्हणाले, उकरली तर? मग हेवेशींनी दोन्ही पदकं अम्लराजात विरघळवली. सोनं ते, हट्टी! विरघळायला बराच वेळ लागला. सैनिक आले, सगळी संस्था उलटीपालटी केली. फळीवरच्या नारिंगी द्रवाच्या बरणीकडे कुणी पाहिलंही नाही. युद्ध संपल्यावर बरणी होती तशीच जागेवर! त्यातून सोनं परत काढलं, ते स्वीडनला पाठवलं आणि नोबेल संस्थेने त्याच सोन्याची पदकं पुन्हा घडवून दिली. फ्रांक यांना त्यांचं पदक १९५२ मध्ये मिळालं.

हीच विद्या चोरांनाही ठाऊक आहे, हे पालकांनी मुद्दाम वाचावं. दुपारच्या वेळी दारावर दोघे जण येतात. आधी तांब्याचा गडू किंवा चांदीचं निरांजन घासून लख्ख करून दाखवतात, मग म्हणतात, “ताई, बांगड्या द्या, त्याही उजळून देतो.” बांगड्या भांड्यातल्या द्रवात बुडवतात, ब्रश फिरवतात आणि डोळ्यांदेखत चकचकीत करून परत देतात. पैसेही थोडेच घेतात. संध्याकाळी सराफाकडे वजन केल्यावर कळतं, की दोन तोळ्यांच्या बांगड्या दीड तोळ्यांच्या झाल्या! त्या द्रवात अम्लराज होतं. कमी झालेलं अर्धा तोळा सोनं भामट्यांच्या भांड्यात गेलं, आणि ते घरी जाऊन सावकाश परत काढतात, हेवेशींच्या बरणीतून काढलं तसंच. मुलांनो, दुपारी बऱ्याचदा आजीबरोबर घरी तुम्हीच असता. अशा माणसांना दार उघडू नका आणि आजीलाही ही गोष्ट वाचून दाखवा.

असो. अम्लराजात सोनं विरघळून जो पदार्थ होतो त्याला क्लोरोऑरिक आम्ल म्हणतात. ते वाळवलं तर पिवळे स्फटिक मिळतात. बोटाला लागलं तर काही वेळाने जांभळा डाग पडतो आणि साबणाने जात नाही, कारण तो डाग म्हणजे कातडीवर बसलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात. बाटलीतल्या सोन्याच्या बहुतेक सगळ्या जाती या पिवळ्या स्फटिकांपासून सुरू होतात.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पदार्थाच्या द्रावणात काय घातलं असेल सांगा? गवती चहाचा काढा! आपण पावसाळ्यात आल्याबरोबर उकळतो तोच. गवती चहातल्या द्रव्यांनी द्रावणातलं सोनं सुटं केलं आणि त्याचे चपटे, तिकोनी कण तयार झाले, डोळ्यांना न दिसणारे. २००४ साली ‘नेचर मटेरिअल्स’ या जगभर वाचल्या जाणाऱ्या शास्त्रीय मासिकात हे संशोधन छापून आलं. सोन्याचे कण असे बारीक झाले की त्यांचा पिवळा रंग जातो. लाल, जांभळा, निळसर असे रंग दिसतात. कोरोनाच्या साथीत घरी तपासणी करायच्या किटमध्ये पट्टीवर लालसर रेघ उमटायची, आठवते? अशा बऱ्याच पट्ट्यांमध्ये ती रेघ सोन्याच्या कणांचीच असते.

आता थोडी अवघड, पण गमतीची गोष्ट. क्लोरोऑरिक आम्लात सोन्याने क्लोरीनचे हात धरलेले असतात. सोन्याने कार्बनचा हात धरला तर? कार्बन म्हणजे कोळशातला, साखरेतला, तेलातला, आपल्या सगळ्यांच्या शरीरातला. धातू आणि कार्बन यांनी असे थेट हात धरले की त्या पदार्थाला कार्ब-धातू संयुग म्हणतात. सोनं कुणाचा हात सहजासहजी धरत नाही, म्हणून अशी संयुगं बनवायला उशीर झाला. १९०७ साली इंग्लंडमध्ये विल्यम पोप आणि चार्ल्स गिब्सन यांनी ती पहिल्यांदा बनवली.

दुसऱ्या धातूंची अशी संयुगं मात्र रोजच्या वापरात आहेत. आमच्या वाडीला अमरावती रस्त्यावर जवाहरलाल नेहरूंच्या नावाचं ॲल्युमिनिअम संशोधन केंद्र आहे. १९८९ साली स्थापन झालेलं. त्याच्यावरून रोज बसने जाणाऱ्या मुलांना सांगायला हरकत नाही, की ॲल्युमिनिअमने कार्बनचा हात धरला की जे संयुग होतं, त्याच्या मदतीने पॉलिथीनचं प्लॅस्टिक करण्याची रीत कार्ल त्सीग्लर यांनी शोधली आणि १९६३ मध्ये त्यांना ज्युलिओ नाट्टा यांच्याबरोबर नोबेल मिळालं. घरातल्या प्लॅस्टिकच्या बादल्या-डबे बरेचसे त्याच घराण्यातले.

सोन्याच्या कार्ब-धातू संयुगाचं एक नाव सांगतो, एका दमात म्हणून दाखवा: डायमिथिलगोल्ड ॲसिटिलॲसिटोनेट! नावाला घाबरू नका. मधोमध सोन्याचा एक अणू. एका बाजूने कार्बनच्या दोन छोट्या गटांनी त्याचे हात धरलेत आणि दुसऱ्या बाजूने ऑक्सिजनच्या दोन टोकांचा चिमटा. एवढंच. एका रेणूत ७ कार्बन, १३ हायड्रोजन, २ ऑक्सिजन आणि १ सोनं. कार्बन १२, हायड्रोजन १, ऑक्सिजन १६, सोनं १९७ असे अणुभार धरून बेरीज करा: ८४ अधिक १३ अधिक ३२ अधिक १९७, म्हणजे ३२६. त्यात सोनं १९७. म्हणजे दहा ग्रॅम पदार्थात सहा ग्रॅमच्या वर सोनं! पण दिसायला कसं? पांढरी पूड. कुणी टेबलावर ठेवली तर साखर समजून मुंग्यांची वाट पाहाल.

या पुडीचा गुण असा, की ती हलक्या उष्णतेनेच वाफ होऊन उडते. शुद्ध सोन्याची वाफ करायची तर जवळजवळ तीन हजार अंशांपर्यंत जावं लागतं. मग निर्वात पेटीत ही वाफ सोडायची आणि नेमकं जिथे सोनं हवं तिथेच लेझरचा किंवा इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत मारायचा. झोत पडला की सोन्याचे धरलेले हात सुटतात, बाकीचे गट निघून जातात आणि सोनं तिथेच बसतं. केसापेक्षा कितीतरी पटींनी बारीक सोन्याची रेघ अशी ‘काढता’ येते. कपावरचीच कला, फक्त ब्रशऐवजी इलेक्ट्रॉन. एक अडचण मात्र आहे. हात सुटताना सगळा कार्बन निघून जात नाही, बराचसा त्या रेघेतच अडकतो आणि मग सोनं पुरेसं शुद्ध राहत नाही. शास्त्रज्ञ अजून त्याच्याशी झगडताहेत.

शुद्धतेचा विषय निघालाच आहे, तर तिथे जरा थांबू, कारण या धंद्याचा सगळा जीव तिच्यात आहे. दागिन्यावर २२ कॅरट म्हणून ९१६ असा शिक्का असतो. म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं, बाकी तांबं-चांदी. त्याने दागिन्याचं काही बिघडत नाही, उलट तो कणखर होतो. आपल्या देशात २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. पण प्रयोगशाळेला २२ कॅरट चालत नाही, साधं २४ कॅरटही पुरत नाही. बाटलीवर ९९.९९ टक्के असं लिहिलेलं लागतं. संत्र्यांच्या भाषेत सांगायचं तर कळमन्याच्या बाजारात दहा हजार संत्री ओतली, तर त्यांत एखादंच लिंबू सापडावं, दुसरं नाही! काही कामांना याहून कडक, दहा लाखांत एक, असा हिशेब लागतो.

एवढा हट्ट कशासाठी? एक खरी गोष्ट सांगतो. रसायनशास्त्रात सोनोगाशिरा नावाची एक क्रिया आहे. (नावात ‘सोनो’ असलं तरी सोन्याशी संबंध नाही हं, ते एका जपानी शास्त्रज्ञांचं आडनाव आहे!) कार्बनला कार्बन जोडायची ही क्रिया पॅलेडिअम या धातूच्या मदतीने होते. पुढे काही संशोधकांनी सांगितलं, की हे काम एकटं सोनंही करतं. मोठीच बातमी! पण २०१० मध्ये स्पेनमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी तपासून दाखवलं, की पॅलेडिअमचा अंशसुद्धा नसेल तर सोन्याकडून हे काम होणं अवघडच दिसतं. म्हणजे काम करणारा बहुधा कोपऱ्यात लपलेला दुसराच होता आणि शाबासकी सोन्याला मिळत होती. वर्गात असं कधी होतं का हो? बाटलीत अगदी नखाएवढी भेसळ असली, तरी वर्षांची मेहनत चुकीच्या वाटेने जाऊ शकते.

म्हणून असा पदार्थ पुरवणाऱ्याचं काम फार जोखमीचं असतं. आधी सोनं स्वतःच शुद्ध करून घ्यायचं. मग अम्लराज, मग पिवळे स्फटिक, मग कार्बनशी हातमिळवणी, आणि ती अशा पेटीत, जिथे दमट हवेचा शिरकाव नाही. त्यानंतर पदार्थ पुन्हा पुन्हा धुवायचा, स्फटिक करायचे, वाळवायचे. इथे एक बारकावा आहे. सोनं ९९.९९ असलं म्हणजे संयुगही तितकं शुद्ध झालं असं नाही. त्यात धुतलेल्या द्रवाचा ओलावा राहिला असेल, क्लोरीन राहिलं असेल. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात आणि तपासणीचे आकडे कागदावर लिहून त्या खेपेच्या क्रमांकासह बाटलीबरोबर द्यावे लागतात. घेणारा आधी कागद बघतो, मग बाटली.

बाटलीही साधी नसते. औषधाच्या बाटलीसारखी गडद तपकिरी, कारण सोन्याची बरीचशी संयुगं उजेडाने बिघडतात. आत हवेऐवजी आरगॉन वायू, आणि ठेवायची थंड जागी. नीट ठेवली नाही तर काही दिवसांनी काचेला आतून जांभळट किंवा सोनेरी कवच धरतं. दिसायला सुंदर, पण बाटली वाया! मापही केवढं, तर एक ग्रॅम, कधी त्याच्याही पाव. मुंबईच्या सराफाला जसं तोळ्यात, तसं यांना मिलिग्रॅममध्ये बोलावं लागतं.

आपल्या महाराष्ट्रात नवी मुंबईला हिंदुस्थान प्लॅटिनम नावाची जुनी कंपनी आहे. सोनं, चांदी, प्लॅटिनम, पॅलेडिअम अशा मौल्यवान धातूंची रसायनं आणि उत्प्रेरक ती बनवते. उत्प्रेरक म्हणजे लग्न जुळवून देणारा मध्यस्थ, दोघांची गाठ घालून देतो आणि स्वतः मोकळा राहतो. सोनं असं मध्यस्थाचं काम करील यावर कितीतरी वर्षं कुणाचा विश्वास नव्हता. १९८५ साली ग्रॅहम हचिंग्ज या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी भाकीत केलं, की पीव्हीसी प्लॅस्टिकचा कच्चा माल ॲसिटिलीनपासून बनवताना विषारी पाऱ्याऐवजी सोनं वापरता येईल. ते खरं ठरलं आणि चीनमध्ये तसा सोन्याचा उत्प्रेरक कारखान्यातल्या वापरापर्यंत पोचायला २०१५ साल उजाडलं. तीस वर्षं! शेतात जे पीव्हीसीचे पाइप असतात, त्या प्लॅस्टिकची ही गोष्ट.

औषधातही सोनं आहे. ऑरानोफिन नावाचं संधिवाताचं औषध अमेरिकेत १९८५ मध्ये मंजूर झालं. त्यात सोन्याने कार्बनऐवजी गंधक आणि फॉस्फरस यांचे हात धरलेले असतात. एका गोळीत औषध ३ मिलिग्रॅम, आणि औषधाच्या वजनात सोनं २९ टक्के. तर गोळीत सोनं किती? काढा पाहू. (उत्तर: ०.८७ मिलिग्रॅम.)

‘सोन्याचं पाणी चढवलेले’ दागिने तुम्हाला माहीत असतील. तेही बाटलीतलंच सोनं, पण ती बाटली सगळ्यांत धोक्याची. त्या द्रावणात सोनं सायनाइडबरोबर असतं आणि सायनाइड म्हणजे जीवघेणं विष. मुलामा देण्याच्या कारखान्याजवळ किंवा त्याच्या नालीजवळ खेळायला जाऊ नये ते यासाठीच. घरी आम्लं आणून प्रयोग करणंही नको. अम्लराजाचा धूर छातीत गेला की आत फुप्फुसं भाजतात, आणि कधीकधी त्रास काही तासांनी सुरू होतो.

वापरून झालेल्या बाटल्यांचं काय होतं? त्या फेकत नाहीत. तळाला चिकटलेला पदार्थ, पुसलेले कागद, हातमोजे, वापरलेले उत्प्रेरक सगळं डब्यात जमा करून शुद्धीकरण करणाऱ्याकडे परत पाठवतात. तो ते जाळतो, राख करतो, राखेतून सोनं काढतो आणि तेवढ्याचा हिशेब देतो. नागपूरच्या इतवारीत सराफा ओळीतल्या जुन्या माणसांना यात काही नवल वाटणार नाही. सोनाराच्या दुकानातली झाडलेली धूळ, शेगडीची राख, हात धुतलेलं पाणीसुद्धा विकत घेऊन त्यातून कण वेचणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत. दुकानासमोरची नालीही ते सोडत नाहीत.